कातडीवरची पहिली रेघ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना भरून घेतल्या आहेत.)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी जास्त घेईन, हे आधीच सांगून ठेवते. शाळेत तोंड उघडत नव्हते, त्याची भरपाई समजा.

विषय मी निवडलेला नाही. तो आपल्या ग्रुपवर आला. आपल्यातल्याच एका मित्राचं पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. त्यानं एका रात्री मेसेज टाकला, "डॉक्टर म्हणायलेत चिरा ब्लेडनं नाही, कॉटरीनं देणार. म्हणजे करंटनं कापणार. बरं आहे का वाईट?" सकाळपर्यंत साठ-सत्तर मेसेज आले होते. कुणी लिहिलं, करंटनं कापलं की जखम भरत नाही. कुणी लिहिलं, टाके पडत नाहीत. एकानं लेझरचा व्हिडिओ टाकला. एकानं नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. मग कुणीतरी माझं नाव घेतलं, "तिला विचारा, ती त्याच मशीनचं सॉफ्टवेअर करती." मी तेव्हा एवढंच लिहिलं की भेटल्यावर सांगते. आज भेटलोय. तो मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय. त्यानं नाव घ्यायला परवानगी दिलीय, पण मी घेत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. माझी पदवी अभियांत्रिकीची आहे. पहिली काही वर्षं मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि गेली बरीच वर्षं पुण्यात वैद्यकीय उपकरणांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. बँक सोडून इकडे का आले, ते पुढे सांगते. आज बोलण्याचं खरं कारण तेच आहे.

आता मशीन. ऑपरेशन थिएटरात सगळे त्याला कॉटरी म्हणतात. एक डबा, त्याला वायरनं जोडलेली पेन्सिलसारखी एक काडी, डॉक्टरच्या पायाखाली पेडल, नाहीतर काडीवरच दोन बटणं, पिवळं आणि निळं. आणि चौथी वस्तू म्हणजे पेशंटच्या मांडीला किंवा पाठीला लावलेली प्लेट. ती कुणाच्या लक्षात राहत नाही. तुम्ही मात्र ती लक्षात ठेवा.

खरं तर कॉटरी हा शब्द चुकीचा आहे. कॉटरी म्हणजे तापवलेल्या लोखंडानं डागणं. ते आपल्याला नवं नाही. गावात बैलाला डागताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्म, क्षारकर्म आणि अग्निकर्म असे वेगवेगळे उपचार सांगितलेत, त्यातलं अग्निकर्म म्हणजे हेच डागणं. त्यात सळई गरम असते आणि तिची उष्णता अंगात जाते. या मशीनच्या काडीचं टोक मात्र मुळात गरम नसतं. वीज टोकातून अंगात जाते आणि उष्णता अंगातच तयार होते. टोकाजवळच्या पेशींमधलं पाणी क्षणात उकळतं, पेशी फुटतात आणि कातडी उघडत जाते.

मग माणसाला शॉक का लागत नाही? आपल्या घरातली वीज दिशा बदलत सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. स्नायू आणि नसा त्या बदलाला प्रतिसाद देतात, म्हणून हात आखडतो, म्हणून माणूस तारेला चिकटतो. या मशीनची वीज सेकंदाला तीन ते पाच लाख आवर्तनं पूर्ण करते. इतक्या वेगापुढे नस हलायच्या आत दिशा बदललेली असते. द'आर्सोंव्हाल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९१ साली दाखवून दिलं होतं की सेकंदाला दहा हजारांच्या वर गेलं की नसा-स्नायू गप्प बसतात, फक्त ऊब लागते. आपल्या लहानपणी घराघरात परभणी केंद्र लागायचं, आठवतं? रेडिओवरची ती मीडियम वेव्ह सेकंदाला साधारण ५ लाख ३० हजारांपासून सुरू होते. म्हणजे हे मशीन त्या पट्टीच्या अगदी शेजारी काम करतं.

आता प्लेट. आपल्या बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उभे राहून ठिणग्या बघितल्याबद्दल आपण मार खाल्लेला आहे. वेल्डर एका हातात रॉड धरतो, पण त्याआधी दुसऱ्या वायरचा चिमटा लोखंडाला लावतो. तो चिमटा नसेल तर ठिणगी पडत नाही, कारण विजेला परतीची वाट लागते. इथे ती परतीची वाट म्हणजे प्लेट. वीज काडीच्या टोकातून अंगात शिरते आणि प्लेटमधून मशीनकडे परत जाते.

तुम्ही विचाराल, मग टोकाशी कातडी कापली जाते आणि प्लेटशी का नाही? आपल्या विज्ञानाच्या सरांनी मैदानात भिंगानं वर्तमानपत्राचा कागद जाळून दाखवला होता. सर, तुम्हाला आठवत नसेल, आम्हाला आठवतं. ऊन तेच होतं. एका ठिपक्यावर गोळा केलं तर कागद जळाला, पसरलेलं होतं तेव्हा आम्ही सगळे त्यातच उभे होतो. विजेचंही तसंच आहे. टोक बारीक, म्हणून तिथे ती दाटते. प्लेट मोठी, म्हणून तिथे ती पसरते आणि काही जाणवत नाही. प्लेट पूर्ण चिकटलेली असेल तोवर. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या.

या मशीनचा इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेत बोस्टनला हार्वी कुशिंग नावाचे मेंदूचे मोठे सर्जन होते. एका रुग्णाच्या डोक्यावरची गाठ काढताना इतका रक्तस्राव झाला की त्यांना ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागलं. विल्यम बोव्ही नावाच्या माणसानं विजेवर चालणारं एक यंत्र बनवलं होतं. हा मूळचा वनस्पतींचा अभ्यासक, डॉक्टर नव्हे. काही दिवसांनी, १ ऑक्टोबर १९२६ ला, कुशिंगनी ते यंत्र आणवून तीच गाठ काढली. रुग्ण वाचला. पुढे जगभर या यंत्राला बोव्हीच म्हणू लागले, पण बोव्हीनं त्याचे हक्क एका डॉलरला विकले होते. इंजिनिअर लोकांचा व्यवहार शंभर वर्षांपूर्वीही असाच होता.

रक्त थांबवायला मशीन सगळ्यांनी स्वीकारलं. पण कातडीवरची पहिली रेघ ब्लेडचीच राहिली. ब्लेडनं कातडी उघडायची आणि आतलं काम कॉटरीनं करायचं, अशी वाटणी झाली आणि ती अनेक दशकं टिकली. त्यामागे कारणं होती. पूर्वी भूल द्यायला ईथरसारखे पेट घेणारे वायू वापरत, तिथे ठिणगी म्हणजे स्फोटाची भीती. शिवाय भाजलेली कड नीट जुळणार नाही, पू होईल, व्रण वाईट दिसेल, असं प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला शिकवलं. तर्काला पटण्यासारखं होतं. पण तर्काला पटणं आणि खरं असणं यांत फरक असतो, हे सॉफ्टवेअरवाल्यांना रोज कळतं.

आता माझी गोष्ट.

पंधरा-एक वर्षांपूर्वी माझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. गाठी होत्या, रक्त जायचं, हिमोग्लोबिन उतरलं होतं. ऑपरेशन गरजेचं होतं. कुठल्या गावात, कुणाकडे, ते मी सांगणार नाही. डॉक्टर भले होते आणि त्यांच्याकडे जे होतं त्यात त्यांनी केलं. आत नेण्याआधी सिस्टरनी अंगावरचं सगळं सोनं-चांदी काढायला सांगितलं. मंगळसूत्र तिनं कसंबसं काढलं, जोडव्यांना मात्र अडून बसली. मीच साबण लावून ती ओढून काढली. का काढायची, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये विजेला प्लेटची वाट नीट मिळाली नाही, तर अंग जिथे टेबलाच्या किंवा कशाच्या धातूला टेकलंय तिथून ती वाट काढू शकते.

आईला कमरेत इंजेक्शन दिलं होतं. कमरेखाली बधिर, वर ती जागी. नंतर तिनं सांगितलं की ती सगळा वेळ देवाचं नाव घेत होती. ऑपरेशन चांगलं झालं. रात्री बधिरपणा उतरला तसा तिनं मला हाक मारली. मला वाटलं पोट दुखत असेल. ती म्हणाली, "पोटाचं सोसतंय गं. ही मांडी का जळायली?"

मी चादर बाजूला केली. उजव्या मांडीवर मागच्या बाजूला तळहाताएवढा डाग होता. मधे पांढरट, कडेनं लाल. सकाळी विचारलं तर औषधाची रिअॅक्शन असेल असं सांगितलं गेलं. मलम लावलं. पोटाची जखम दहा दिवसांत सुकली. मांडीची जखम भरायला दोन महिने गेले.

मी घरी येऊन वाचायला लागले. विजेचं शिक्षण होतंच. मग कळलं की काय झालं असणार. तिथे स्टीलची प्लेट होती, ओल्या गॉजमध्ये गुंडाळून मांडीखाली सरकवलेली. पाय हलवताना प्लेट सरकली असेल किंवा गॉज सुकला असेल. मग सगळी वीज एका कडेतून परत गेली. भिंगाचा ठिपका आईच्या मांडीवर पडला. ती जागी होती, पण तिला कळायला मार्ग नव्हता. आणि मशीनलाही कळायला मार्ग नव्हता, कारण त्या जुन्या मशीनला प्लेट नीट लागली की नाही हे तपासताच येत नव्हतं.

तेव्हा मी व्याज मोजणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. त्यात एक पैसा चुकला तरी दहा ठिकाणी घंटा वाजायची. आणि माझ्या आईच्या मांडीसाठी एकही घंटा नव्हती. त्यानंतर दीड-दोन वर्षांत मी नोकरी बदलली. पगार कमी झाला. घरच्यांना पटलं नाही. आईलाही पटलं नाही, ते वेगळंच.

नव्या मशीनमध्ये हे तपासता येतं. प्लेट एकसंध नसते, तिचे दोन अर्धे भाग असतात. मशीन त्या दोन भागांमधून अतिशय क्षीण वीज सोडून मधल्या कातडीचा रोध मोजत राहतं. एका प्रचलित पद्धतीत तो ५ ते १३५ ओहमच्या मधे असावा लागतो, आणि सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ४० टक्क्यांनी वाढला तर मशीन काम थांबवतं आणि ओरडतं. प्लेट उचलली गेली की रोध वाढतो. गणित आठवी-नववीचं आहे.

नव्या नोकरीत मला वाटलं, प्रश्न सुटला. मग एकदा एका रुग्णालयातून तक्रार आली की मशीन उगाच ओरडतं. आम्ही मीटिंगला बसलो आणि मीच सुचवलं की संवेदनशीलता थोडी कमी करू. होय, मीच. बाकीचे तयार होते. माझ्या वरिष्ठांनी मात्र सांगितलं, आधी जाऊन बघून या.

मी गेले. थिएटरच्या कोपऱ्यात टोपी-मास्क घालून दिवसभर उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मशीन लई ओरडतंय." तिसऱ्या ऑपरेशनला ते ओरडलं. पडद्यावर इंग्रजीत एक अक्षर आणि दोन आकडे आले. त्यांचा अर्थ लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. वॉर्डबॉयनं प्लेट दाबली, पुन्हा दाबली, वरून चिकटपट्टी लावली. एकदा वापरून फेकायची प्लेट चौथ्यांदा वापरत होते, कारण ती महाग पडते. तिचा चिकटपणा संपला होता. मशीन उगाच ओरडत नव्हतं. ते बरोबर ओरडत होतं, फक्त कुणाला कळेल अशा भाषेत ओरडत नव्हतं.

मी परत आले आणि माझी सूचना मागे घेतली. आकड्याला हात लावला नाही. त्याऐवजी पडद्यावर चित्र आणि साधं वाक्य आणलं: प्लेट नीट चिकटलेली नाही, नवी लावा. मराठी आणि हिंदीतही. ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे काही नाही, चार ओळींचं काम. माझ्या आत्तापर्यंतच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान त्या चार ओळींचा आहे. आणि सगळ्यात जास्त लाज त्या मीटिंगमधल्या सूचनेची.

आता मित्राचा प्रश्न. ब्लेड की कॉटरी?

हे ठरवायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. रुग्णांची चिठ्ठी काढायची, निम्म्यांना ब्लेड, निम्म्यांना वीज, बाकी सगळं सारखं. शक्य असेल तर नंतर जखम तपासणाऱ्याला कुणाला काय मिळालं ते सांगायचं नाही. असे अभ्यास जगभर झालेत. आपल्या शेजारी कराचीत शमीम नावाच्या सर्जननी ३६९ रुग्णांवर असा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही एम.एस. करणारी मुलं प्रबंधाला हा विषय आवर्जून घेतात, कारण रुग्ण रोज मिळतात आणि मोजायला घड्याळ, वजनकाटा आणि पट्टी पुरते. रक्त कसं मोजतात माहीत आहे? कोरड्या गॉजचं वजन करायचं, भिजलेल्याचं करायचं, वजाबाकी करायची.

असे सुटे अभ्यास एकत्र करून २०१२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत एक आढावा आला. त्यात १४ अभ्यास आणि २५४१ रुग्ण होते. विजेनं चिरा दिला तर रक्त कमी गेलं, वेळ कमी लागला, पहिल्या चोवीस तासांत दुखणं कमी होतं. जखमेच्या तक्रारींमध्ये फरक दिसला नाही. पुढे २०१७ साली कॉक्रेन या संस्थेचा पोटाच्या मोठ्या चिऱ्यांबद्दलचा सुधारित आढावा आला. त्यात १६ अभ्यास, २७६९ रुग्ण. जखमेत जंतुसंसर्ग विजेच्या गटात ७.७ टक्के आणि ब्लेडच्या गटात ७.४ टक्के. म्हणजे हजार माणसांत ७७ आणि ७४. हा फरक नाणं उडवल्यावर येतो तसा आहे, त्यावरून कुणाची बाजू घेता येत नाही. रक्तातला फरक सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. आणि या सगळ्या पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाही, असंही त्या लोकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ज्या अभ्यासाला आपली उणीव सांगता येते, त्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

म्हणजे शंभर वर्षांची भीती, की विजेनं कापलं तर जखम चिघळते, ती या आकड्यांत दिसत नाही. आणि ग्रुपवर जे आलं होतं, की टाकेच पडत नाहीत, तेही खोटं. कातडी उघडली की ती शिवावीच लागते.

एक बारकावा मात्र आहे. त्या काडीवर दोन बटणं असतात असं मी म्हटलं. पिवळं बटण कापायचं. त्यात वीज सलग वाहते. निळं बटण रक्त गोठवायचं. त्यात वीज तुटक वाहते, शंभरातले साधारण सहा भाग चालू आणि बाकी बंद, पण दाब खूप जास्त. नाव ऐकून वाटतं निळं सौम्य असेल, प्रत्यक्षात तेच जास्त भाजतं. कातडीचा चिरा द्यायचा तो पिवळ्यानं, बारीक टोकानं, न रेंगाळता. त्या अभ्यासांमधला चिराही साधारण असाच होता. निळ्यानं कातडी कापून मग वीज वाईट म्हणणं बरोबर नाही. पण हे डॉक्टरांना शिकवायला आपण जायचं नाही. त्यांना ते माहीत असतं.

ब्लेडच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ब्लेड स्वस्त, त्याला प्लेट लागत नाही, धूर होत नाही, आणि लाइट गेली तरी ते कापतं. आपण सगळे भारनियमनात कंदिलावर अभ्यास केलेली माणसं आहोत, याचं मोल आपल्याला कळतं. पण ब्लेड डॉक्टर-सिस्टरच्या बोटातही घुसतं, आणि त्यातून कावीळ-एचआयव्हीची भीती असते. उलट विजेच्या धुरात घातक पदार्थ असतात. जपानमधल्या एका जुन्या प्रयोगात एक ग्रॅम मांस असं जाळल्यावर निघणाऱ्या धुराची घातकता बिनफिल्टरच्या सहा सिगारेटींशी तुलना करण्याइतकी निघाली होती. तो धूर रुग्ण नव्हे, तिथे रोज उभे राहणारे लोक आयुष्यभर घेतात. त्यांचा विचार कुणी करत नाही.

मग, मित्रा, तुझं उत्तर हे. ज्या हाताला ज्या गोष्टीची सवय आहे, त्या हाताला ती वापरू दे. ब्लेड का वीज यावर झोप घालवू नकोस. त्यापेक्षा तुझ्या हातातल्या गोष्टी कर. साखर तपासून आटोक्यात आण. तंबाखू आज सोड. हो, खिशातली पुडी मला इथून दिसायलीय. आदल्या रात्री घरी वस्तऱ्यानं पोट साफ करून जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली स्पष्ट सांगितलंय की वस्तरा नको, कारण न दिसणाऱ्या जखमा होतात आणि त्यातून जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर ते क्लिपरनं काढतील. आंघोळ करून जा. अंगठी, कडं, करदोट्यातली चांदी घरी ठेव. छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. तुला नाही, पण इथे कुणाला असेल. आणि भूल देण्याआधी एक प्रश्न नम्रपणे विचार, "प्लेट नवी आहे ना, नीट चिकटली ना?" विचारल्यानं कुणी रागावत नाही. रागावलं तरी विचार.

एक शेवटची गोष्ट, आणि ती मला बोललीच पाहिजे. चिरा कशानं द्यायचा यावर जगात एवढे अभ्यास झाले. चिरा द्यायचा की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. २०१९ साली आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पाहणी झाली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी तरुण होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून. आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातूनही कोयते घेऊन ट्रक जातात. आपल्या वर्गातल्या ज्या मुली सातवी-आठवीनंतर दिसल्या नाहीत, त्यांतल्या काही त्याच ट्रकमध्ये बसल्या होत्या. आज त्या इथे नाहीत. त्यांना ब्लेड हवं का वीज, असं कुणी विचारलं नसेल. हे ऑपरेशन हवं का, एवढंही विचारलं होतं का, कुणास ठाऊक. तुमच्या घरात, शेतात, ओळखीत कुणाला "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सांगा. उदगीरला, लातूरला, नांदेडला सरकारी रुग्णालयं आहेत. सोबत जा. एकटीला पाठवू नका.

माझी आई आता सत्तरीच्या पुढे आहे. मागच्या दिवाळीला तिच्या पायाला तेल लावताना मी दोन्ही व्रण पाहिले. पोटावरची रेघ बारीक, पांढरी, जवळजवळ मिटलेली. ती ब्लेडची की विजेची, हे मला सांगता येत नाही, आणि कुठल्या सर्जनलाही आता सांगता येणार नाही. मांडीवरचा डाग मात्र तळहाताएवढा तसाच आहे. कातडी तिथे ताणल्यासारखी चकाकते.

तिनं विचारलं, "काय बघायलीस?"

मी म्हटलं, "काही नाही. माझी नोकरी."

ती हसली. म्हणाली, "बघ मग. आणि तेल जरा जास्त लाव, तिथं कोरडं पडतंय."

सर, तुमच्या भिंगाच्या त्या प्रयोगाचे आभार मानायचे होते, ते मानते. बाई, वहीत प्रत्येक पायरी लिहायला लावून तुम्ही आमचा जीव खाल्लात, त्याचेही मानते. आज त्याच सवयीवर माझं घर चालतं. आणि मित्रा, ऑपरेशन झालं की ग्रुपवर कळव. फूल टाकू नकोस, नीट लिही.